रिकाम्या साइटला मोकळीक, चार घरांना दंड

हुबळीच्या कमरीपेठेत जुने कौलारू घर पाडून त्याच जागेवर चार बिऱ्हाडांची इमारत उभी करणाऱ्याच्या हाती महापालिका सर्वांत आधी वाढीव घरपट्टीचे चलन ठेवते. शहराच्या टोकाला तीस-चाळीस फुटांची साइट, म्हणजे मोकळा भूखंड, घेऊन, तिला कुंपण घालून दहा वर्षे तशीच ठेवणारा मात्र थोडीशी रक्कम भरून मोकळा होतो. एकाने भर पेठेत चार कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर घातले, दुसऱ्याने गवत वाढवले. छप्पर घालणाऱ्याकडून जास्त आणि गवत वाढवणाऱ्याकडून कमी घेणारी ही घरपट्टी उलटी आहे. ती सुलटी करण्याची ताकद ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती वापरलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

कर्नाटकात मालकाने आपल्या घराची आकारणी स्वतः करून घरपट्टी भरायची पद्धत २००२ पासून आहे. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जूननंतर दरमहा २ टक्के दंड, एवढे हुबळीतल्या घराघरात पाठ असते. आकारणीच्या मुळाशी काय आहे याकडे मात्र लक्ष कमी जाते. उपनिबंधक कार्यालयाच्या मार्गदर्शक किमतीवरून जागेचे आणि बांधकामाचे मोल धरले जाते. ही किंमत बाजारपेठेजवळ चढी, टोकाला उतरती. बांधकाम जितके जुने तितका घसारा जास्त, म्हणून कर कमी. क्षेत्रफळ वाढले की कर वाढला. धंद्याच्या वापराचा दर वेगळा आणि जास्त. रिकाम्या साइटवर बांधकामच नसते, त्यामुळे त्या हिश्शाचा कर नाही आणि नुसत्या जमिनीचा दरही हलका. यावर आरोग्य, ग्रंथालय, भिक्षुक पुनर्वसन अशा नावांचे उपकर चढतात, तेही मूळ कराच्या टक्केवारीने.

उदाहरणापुरता एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. मातीच्या भिंतींच्या, साठ वर्षांच्या घराला वर्षाला १,५०० रुपये घरपट्टी आहे असे धरा. तिथे तळमजला आणि वर तीन मजले उभे राहिले. घसारा संपला, क्षेत्रफळ चौपट झाले, मातीच्या जागी काँक्रीट आले. चलन सहज दहा-बारा हजारांच्या पुढे जाते. आणि हे चलन येते कधी? बँकेचा हप्ता सुरू होतो त्याच वर्षी, वरचे मजले अजून भाड्याने जायचे असताना. ज्या कुटुंबाने दागिने मोडून, भावाभावांत बोलणी करून, दोन वर्षे दुसरीकडे भाड्याने राहून हे घर बांधले, त्याच्या सर्वांत अडचणीच्या वर्षी महापालिका सर्वांत मोठी मागणी पुढे करते. उलट त्याने घर तसेच पडू दिले असते, एक खोली कुलूपबंद ठेवली असती, भिंतीला टेकू लावून दिवस काढले असते, तर घरपट्टी हलकीच राहिली असती. पडक्या घराला सवलत आणि राहत्या घराला बोजा, अशी ही आजची व्यवस्था आहे.

कमरीपेठ ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडे सांगायला हवे. जुन्या हुबळीतली ही वस्ती सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची म्हणून ओळखली जाते. विणकाम हा या समाजाचा परंपरेचा धंदा, आणि सावजी खानावळी ही आज गावोगाव पोचलेली ओळख. घरात आपली बोली, ओणीत म्हणजे गल्लीत कन्नड, बाजारात मराठीही, असा तीन भाषांचा वावर इथे कुणाला वेगळा वाटत नाही. शेजारच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीचे देऊळ. दुर्गदबैलचा बाजार, जवळी साळची कापडपेठ, रेल्वे स्टेशन, चन्नम्मा सर्कल हे सगळे इथून फार लांब नाही. शाळा, दवाखाना, देऊळ, दुकान आणि रोजगार पायी अंतरावर असलेली वस्ती मिळावी म्हणून जगभरचे नगररचनाकार आराखडे काढत बसतात. कमरीपेठेत ती आयतीच आहे. नाहीत ती पुरेशी घरे.

विणकऱ्याचे जुने घर मागाच्या सोयीने बांधलेले असायचे: पुढे माग, मागे चूल, माळ्यावर सूत. माग गेले, खोल्या उरल्या. मग वाटण्या झाल्या. तीन भावांत घर विभागले की आधीच अरुंद जागेच्या आणखी अरुंद पट्ट्या होतात. एका खोलीत आईवडील, दुसरीत लग्न झालेला मुलगा, धाकट्याचे लग्न ठरले की प्रश्न उभा राहतो. धाकटा केशवापूर, गोकुळ रोड किंवा त्याच्याही पलीकडच्या एखाद्या नव्या लेआउटकडे बघू लागतो. तिथे घर बांधायला जागा मोकळी असते. पण आई पेठेत, धंदा पेठेत, मुलांची शाळा पेठेत. म्हणून दोन दुचाक्या घ्याव्या लागतात, त्यांचे पेट्रोल भरावे लागते, आणि संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला ती सगळी वाहने एकमेकांत अडकतात. त्या गर्दीला शिव्या देताना आपण तिचे मूळ विसरतो. पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या असत्या तर त्या तरुणाला सर्कल ओलांडावेच लागले नसते.

टोकाच्या लेआउटचा खर्च कोण भरतो, हाही प्रश्न विचारायला हवा. हुबळीला पाणी येते ते मुख्यतः सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या रेणुकासागरातून. तिथून ते शहरात आणायचे, टाक्यांत चढवायचे आणि मग गल्लीगल्लीत सोडायचे. चोवीस तास पाण्याचा प्रयोग हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून झाला आणि तो यशस्वी ठरला. तरी उरलेल्या शहराने पुढेही वर्षानुवर्षे पाण्यासाठी दिवस मोजले. असे असताना प्रत्येक नव्या लेआउटबरोबर जलवाहिनी लांबते, गटार लांबते, दिव्यांचे खांब वाढतात, कचऱ्याच्या गाडीचा फेरा लांबतो. लेआउटमधल्या निम्म्या साइट रिकाम्या असल्या तरी वाहिनी पूर्ण लांबीचीच टाकावी लागते. रिकाम्या साइटच्या घरपट्टीतून तो खर्च निघत नाही. भरलेल्या वस्त्यांच्या घरपट्टीतून तो भागवावा लागतो. याचा सरळ अर्थ असा की कमरीपेठेतला दोन खोल्यांचा मालक टोकाच्या गुंतवणूकदाराचा रस्ता बांधून देतो. मला हे अन्यायाचे वाटते आणि ते मी याच शब्दात म्हणणार.

बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या बीआरटीएसचेही तेच. हुबळी आणि धारवाड यांना जोडणारा बावीस किलोमीटरचा मार्ग झाला, चिगरी बस धावू लागली, २०२० च्या फेब्रुवारीत थाटात उद्घाटन झाले. इतका पैसा घालून उभारलेल्या बसमार्गाच्या हुबळीकडच्या टोकाजवळ, पायी जाण्याच्या अंतरात, जास्तीत जास्त माणसे राहायला यावीत असे धोरण हवे होते. घरपट्टीच्या तक्त्यात मात्र त्या मार्गाचा मागमूसही नाही.

घरांसाठी कराची मदत ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या तेव्हा पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथे २०७ चाळी बांधल्या गेल्या. धारवाड भागातला कापूस त्या काळी मुंबईच्या बाजारात जात होता, हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. म्हणजे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाचाही त्या चाळींना हातभार लागला असणार. खोल्या लहान होत्या, सोयी अपुऱ्या होत्या, त्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. तरीही गिरणगावात कामाजवळ राहणारी मराठी कामगारवस्ती शंभर वर्षे टिकली ती या चाळींमुळे. त्याच चाळींच्या जागी वरळीत नवी घरे झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शहराने एकदा ठरवले की कर कुठून घ्यायचा आणि घरे कुठे बांधायची, तर शंभर वर्षांनंतरही माणसे त्याच मोहल्ल्यात राहू शकतात.

चुकीचे ठरवले तर काय होते, तेही मुंबईनेच दाखवले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला तेव्हा संरक्षण हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण घरपट्टीची आकारणी भाड्यावर होत असे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त करयोग्य मूल्य धरता येणार नाही असे ठरवले, आणि भाड्याबरोबर घरपट्टीही गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, महापालिकेला महसूल मिळेना, नव्या भाड्याच्या चाळी बांधायला कुणी धजेना. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळा उपकर बसवावा लागला. तेव्हा एकोणीस हजारांवर उपकरप्राप्त इमारती शहराच्या माथी होत्या. दर पावसाळ्यात त्यातली एखादी कोसळते आणि माणसे मरतात. एका कायद्याने भाडे, कर आणि बांधकाम या तिन्ही गोष्टी एकत्र गोठवल्या, त्याची ही किंमत. हुबळीने १९५६ मध्ये मुंबई राज्य सोडले, पुढे आम्हाला १९६१ चा आणि मग १९९९ चा कर्नाटकचा भाडे कायदा लागला. पण बिऱ्हाडे ठेवायला मालक का कचरतो, याची कारणे दोन्हीकडे सारखीच आहेत.

पुण्याकडे बघा. तिथे मालक स्वतः राहत असेल तर आकारणीत ४० टक्के सवलत १९७० पासून चालत आली. मधल्या काळात ती बंद पडली, लोक चिडले, आणि २०२३ मध्ये सरकारने ती परत दिली. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरायला पुणेकरांच्या रांगा लागल्या. सवलत लोकप्रिय आहे आणि मध्यमवर्गाला तिचा आधार वाटतो. पण ती मिळते कुणाला? ज्याच्याकडे स्वतःचे घर आहे त्याला. मालकाने घर भाड्याने दिले की सवलत गेली, आणि तो बोजा भाड्यातून भाडेकरूवर जातो. गावात नोकरीला आलेला तरुण, कॉलेजची मुलगी, निवृत्त होऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे जोडपे, यांना घरपट्टीचे चलन कधी दिसत नाही, पण ते भरतात तेच. हुबळीने पुण्याची नक्कल करू नये असे मला वाटते ते याच कारणाने. सवलत मालकाच्या राहण्याला नको, घरांच्या संख्येला हवी.

मुंबईने १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ केली. लहान घराला माफी, हे तत्त्व मला पटते. त्यात एक उणीव आहे: ही माफी आधीच उभ्या असलेल्या घराला मिळते, तिने नवी खोली वाढत नाही. कमरीपेठेला हवी आहे ती नव्या खोलीला बळ देणारी सवलत.

मग टोकाच्या रिकाम्या जागेवर दंड बसवून प्रश्न सुटेल का? मुंबईने थोडा त्या वाटेने प्रयत्न करून पाहिला. २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली तेव्हा जमिनीवर उद्या किती चटईक्षेत्र बांधता येईल, हेही मोजून कर लावायचे नियम केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले: जमीन आज ज्या स्थितीत आहे त्यावर कर घ्या, उद्याच्या शक्यतेवर नको. म्हणून हुबळीत रिकाम्या साइटचा दर वाढवायचा असेल तर तो आजच्या जमिनीच्या मोलावर, कायद्यातूनच वाढवावा लागेल. ते करावेच. पण नुसत्या दंडाने पेठेत घर उभे राहत नाही. बांधणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारी दुसरी तरतूद लागतेच.

ही दुसरी तरतूद कशी असावी आणि कशी नसावी, यासाठी अमेरिकेतली दोन उदाहरणे कामाची आहेत. न्यूयॉर्कने १९७१ मध्ये ४२१-ए नावाची सवलत काढली. लोक शहर सोडून उपनगरात जात होते, बांधकाम थंडावले होते, म्हणून नव्या बहुकुटुंबी इमारतींच्या घरपट्टीत अनेक वर्षे सूट. अटी सुरुवातीला ढिल्या होत्या. पुढे शहर पुन्हा भरले, जमिनी महागल्या, तरी सूट चालूच राहिली आणि तिचा फायदा जमिनीच्या किमतीत मुरला. मॅनहॅटनच्या वन-फिफ्टीसेव्हन या मनोऱ्यात १० कोटी डॉलरना विकल्या गेलेल्या घरालाही या सवलतीचा लाभ मिळाला. अखेरच्या वर्षांत शहराचा दरसाल दीड अब्ज डॉलरांहून जास्त महसूल यात बुडत होता. २०२२ मध्ये योजना संपली आणि २०२४ मध्ये कडक अटींसह तिची जागा दुसरीने घेतली. ज्याला गरज नाही त्याला सूट देणारी योजना गरिबाच्या नावाने श्रीमंताचे घर सजवते, हे पन्नास वर्षांत त्यांना कळले. आपल्याला तेवढा वेळ घालवायचे कारण नाही.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्याचे. तिथे १९९५ पासून शहरांना मुभा आहे की ठरावीक मध्यवर्ती भागात अनेक घरांची इमारत बांधली तर काही वर्षे घरपट्टीत सूट द्यावी. २००७ पासून ही सूट आठ वर्षांची, आणि काही घरे परवडणाऱ्या दराने दिली तर बारा वर्षांची. सिअॅटल, टॅकोमा, स्पोकेन या शहरांनी ती वापरली. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी: सूट फक्त नव्या बांधकामाच्या मूल्याला, जमिनीला नाही. जमिनीचा कर महापालिका पहिल्या दिवसापासून घेते. त्यामुळे जागा अडवून बसणाऱ्याला काही मिळत नाही, आणि बांधणाऱ्याला मिळते ते त्याच्या बांधण्याचेच.

कमरीपेठ, दाजीबानपेठ, जुनी हुबळी आणि आजूबाजूच्या ओण्यांसाठी माझी मागणी अशी आहे. चार किंवा अधिक स्वतंत्र घरे बांधणाऱ्याच्या नव्या बांधकामावरचा कर दहा वर्षे जुन्या घराच्या पातळीला ठेवावा. जमिनीचा कर चालू राहावा. तळमजल्यावर खानावळ किंवा दुकान असेल तर त्या मजल्याला धंद्याचा दर लावावा, पण त्यापायी वरच्या घरांची सवलत हिरावू नये. सावजी खानावळ खाली आणि कुटुंब वर, ही या पेठेची रीतच आहे. त्या रीतीवर कराचा वरवंटा फिरवायचे कारण नाही. जुन्या घरात जे भाडेकरू किंवा कारागीर राहत होते त्यांना नव्या इमारतीत जागा मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर सूट नाही. एखादे घर वर्षभर कुलूपबंद राहिले तर त्या घरापुरती सूट रद्द. आणि योजनेला मुदत हवी: अर्ज सात वर्षांत करायचे, त्यानंतर दार बंद. मुदत नसलेली सवलत कुणाच्या तरी हक्काची मालमत्ता होऊन बसते.

यावर महापालिकेतून पहिला आक्षेप येईल तो उत्पन्नाचा. पण इथे आजचे उत्पन्न जात नाही. आजचे १,५०० रुपये मिळतच राहतात. दहा वर्षे लांबते ती वाढ. आणि ती वाढ आज तरी कुठे मिळते आहे? घर पाडून बांधलेच जात नसेल तर वाढीव चलन कुणाच्या नावाने काढणार? हे खरे की काही जण सवलतीशिवायही बांधतील आणि त्यांच्यापुरता महसूल बुडेल. म्हणूनच योजना ठरावीक ओण्यांपुरती हवी, विद्यानगरच्या मोठ्या अपार्टमेंटला तिचा लाभ नको.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. गल्ल्या अरुंद, गटारे जुनी, अग्निशमनाची गाडी आत शिरत नाही. अशा ठिकाणी माणसे वाढवायची? इथे दाटी आणि गर्दी यांतला फरक धरायला हवा. आज एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, ती गर्दी. तीच माणसे चार मजल्यांवर, प्रत्येक घराला मोरी, संडास आणि खिडकी असलेल्या जागेत गेली तर माणसांची संख्या फारशी न वाढताही राहणीमान बदलते. मी चौदा मजले मागत नाही. चार मजले, मधे चौक, दोन-तीन शेजारी एकत्र आले तर पुढच्या बाजूने ओणी तीन फूट रुंद होईल इतकी जागा. चारी बाजूंनी जागा सोडण्याचे लेआउटचे नियम या लांबट पट्ट्यांना लावले तर बांधायला काही उरतच नाही. सामायिक भिंतीच्या घरांना वेगळे नियम लागतात. पुण्याच्या पेठांत वाड्यांचा पुनर्विकास याच बाजूच्या जागेच्या अटीवर वर्षानुवर्षे अडला होता. त्या चुकीची इथे पुनरावृत्ती नको. शेजाऱ्यांनी जागा एकत्र केल्या तर सवलत दहाऐवजी बारा वर्षे द्यावी, म्हणजे भावाभावांतले आणि शेजाऱ्यांतले बोलणे पुढे सरकेल.

आणि खात्याचा, म्हणजे महापालिकेच्या दफ्तरातल्या मालमत्तेच्या नोंदीचा, प्रश्न. पेठेतल्या कितीतरी घरांचा खाता अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस पंधरा, त्यातले दोन पुण्याला, एक मुंबईला. खाता नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम नाही. ई-खाता आला, २०२५ मध्ये अनधिकृत मालमत्तांना बी-खाता देण्याची मोहीम झाली. पण त्या मोहिमेचा रोख मुख्यतः टोकाच्या अनधिकृत लेआउटकडे होता. जिथे लोक शंभर वर्षे राहतात तिथला वारसाचा खाता दुरुस्त करायला मात्र खेटे घालावे लागतात. महापालिकेने कमरीपेठेत एक टेबल मांडावे, वारसनोंदी तिथेच कराव्यात, आणि नव्या इमारतीतल्या प्रत्येक घराला स्वतंत्र खाता द्यावा. घरपट्टीची सवलत कितीही चांगली असली तरी ज्याच्या नावावर घरच नाही त्याला ती कशी मिळणार?

ही वेळ मी मुद्दाम निवडली आहे. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड एका महापालिकेत बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडला वेगळी महापालिका द्यायला मंजुरी दिली. वेगळे होण्याच्या या व्यवहारात मालमत्ता, कर्मचारी, कर्जे आणि कर या सगळ्यांचे हिशेब नव्याने मांडावे लागणार आहेत. घरपट्टीचा तक्ता उघडायची याहून योग्य संधी लवकर येणार नाही. सवलतीसाठी कायद्यात तरतूद लागेल आणि ती बंगळूरहूनच यावी लागेल. पण मागणीचा ठराव हुबळीच्या सभागृहातूनच जायला हवा. जुन्या हुबळीतल्या प्रभागांतून निवडून आलेल्या नगरसेवकांनी पक्ष बाजूला ठेवून तो एकत्र मांडावा. बंगळूरच्या टेकपार्कना काय सवलती मिळतात ते आमदारांना तोंडपाठ असते; कमरीपेठेतल्या चार खोल्यांसाठी त्यांनी एकदा तोंड उघडावे.

ठरावात एक कलम मी आग्रहाने मागेन. दहा वर्षांनी सवलत संपेल तेव्हा वाढीव घरपट्टी येऊ लागेल. पहिल्या पाच वर्षांची ती वाढ शहराच्या सर्वसाधारण खात्यात न टाकता त्याच ओणीची गटारे, पाण्याची वाहिनी आणि अग्निशमनाचे नळ यांवर खर्च व्हावी, आणि गटाराचे काम मात्र सवलत सुरू होण्याच्या आधी, कर्ज काढून का होईना, पूर्ण व्हावे. वरच्या मजल्यांचे पाणी आजच्या उघड्या गटारात सोडून ही योजना चालू केली तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या घरात ते पाणी शिरेल, आणि त्यांचा विरोध मग रास्तच असेल.